पान एकशे बारा

मे महिना. खळ वाटीतच सुकते.
पंखा लावला तर कागद उडतात,
बंद केला तर घाम टपकतो
थेट ऋणनिर्देशावर.

जळगावात, स्टेशनमागच्या बोळात
मी प्रबंध बांधतो.
पाच प्रती, काळं रेक्झीन, पाठीवर सोनेरी नाव.
नाव चुकलं तर पैसे नाहीत, हे माझं मीच ठरवलंय.

आज टेबलावर केळीच्या करप्याची चारशे पानं,
त्याखाली पावरा लग्नगीतांतले मामा-मावश्या,
त्याखाली झिंक ऑक्साईडचे इतके बारीक कण
की त्यांचा मोठा करून छापलेला फोटोही
मला ज्वारीच्या लाह्यांसारखा दिसला.
जिनिंगमधल्या हमालांचे खांदे
कुणीतरी टेप लावून मोजलेत.
आणि शून्य आहे की नाही
यावर एकाने इतकं लिहिलंय
की पुठ्ठा जाड घ्यावा लागला.

दाभण विषय विचारत नाही.
खळीत चिमूटभर मोरचूद घालतो सगळ्यांच्याच,
कारण वाळवीला शाखा नसते.
ती कला खाते, विज्ञान खाते,
आणि तोंडी परीक्षेला बसत नाही.

मी वाचत नाही, असं गिऱ्हाइकांना सांगतो.
खोटं आहे.
कडा कापताना एखादी ओळ डोळ्यांत जातेच.
शेवटच्या प्रकरणात बहुतेक सगळेच लिहितात,
‘या निष्कर्षांना मर्यादा आहेत.’
घरी भरीत खारट झालं की बायकोला मी हेच म्हणतो.
ती म्हणते, मग स्वतः भाज वांगी.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडून चूक झाली.
शेवटची तारीख, रात्रीचे दोन, लाईट गेलेली,
मोबाईल दातांत धरून पानं लावत होतो.
मोहिनी बागूलचे अहिराणी शब्द,
मुबारक तडवीचा तापीचा गाळ.
दोन ढीग शेजारी-शेजारी.
तिच्या एका प्रतीत
एकशे बारावं पान त्याचं गेलं.

मार्गदर्शकांना दिसलं नाही.
नागपूरहून आलेल्या परीक्षकांनाही नाही.
ती डॉक्टर झाली.

वर्षाने आली, प्रत छातीशी धरून.
मी आधीच गल्ल्याकडे हात नेला,
म्हटलं, पैसे परत करतो ताई.
तिने पान उघडलं.
भोकरजवळची तापीची दरड,
काळ्या मातीच्या दोन थरांमध्ये
राखेसारखी बोटभर रेघ.
खाली लिहिलेलं : थर क्रमांक चार.

‘हा माणूस कोण?’

बेटावदच्या एका म्हातारीने तिला एक शब्द दिला होता.
‘कसाले लिखस माय,’ असं आधी विचारून, मग दिला होता.
विहीर खणताना
काळी संपते, वाळू लागायची असते,
मध्येच एक करडी माती कुदळीला चिकटते,
आणि खणणारे जरा गप्प होतात.
त्या मातीचा शब्द.
परिशिष्टात मोहिनीने त्याच्यापुढे लिहिलं होतं :
नेमका अर्थ अज्ञात.

त्याच्याकडे माती होती, नाव नव्हतं.
हिच्याकडे नाव होतं, माती नव्हती.
माझ्याकडे बिलबुक होतं.
त्यातून फोन नंबर काढून दिला.

पुढचं मला नीट माहीत नाही.
भोकरला कधी गेले, दरडीवर कोण आधी चढलं,
म्हातारी तोवर होती की नव्हती.
मला कुणी बोलावलं नाही, आणि का बोलवावं?
दिवाळीनंतर अकरा पानं आली बांधायला,
वर दोन नावं.
अकरा पानांना बांधणी लागत नाही, एक पिन पुरते.
तरी मी ती शिवली, मरून कापडात,
आणि पैसे घेतले, कारण मोहिनी ऐकेना.

तो शब्द इथे लिहीत नाही.
तो त्यांचा आहे, त्या म्हातारीचा आहे,
माझ्या बोटांना फक्त त्याची खळ लागली होती.

तेव्हापासून पानं दोनदा मोजतो.
चूक होऊ देत नाही.
फक्त एकशे बारावर आलो
की अंगठा जरा रेंगाळतो.